मितिनीचं सुतक

माणसं जवळजवळ राहिली, रोज एकमेकांच्या नजरेस पडली, की आपोआप मैत्री होते, असं माझ्या पुतणीच्या कॉलेजात शिकवतात म्हणे. पुतणी मुंबईत मानसशास्त्र शिकते. यंदाच्या मे महिन्यात गावी आली होती, तेव्हा पडवीत बसून फणसाचे गरे खाता खाता तिनं मला हे सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाली, काकी, तुझं आणि त्या नेपाळी बाईचंही असंच झालं असणार. बागेत तुम्ही दोघीच, बोलायला दुसरं होतं कोण?

मी म्हटलं, अगो, जवळ राहून मैत्री होत असती तर तुझी आई माझी पहिली मैत्रीण झाली असती. माझ्या नि तिच्या स्वयंपाकघरात एकच भिंत आहे. लग्न होऊन आल्यापासून मी त्या भिंतीपलीकडची फोडणी ऐकतेय, आणि आजवर आम्ही दोघी एकमेकींशी मनातलं एक वाक्य बोललेल्या नाही. जाऊ आत भांडी घासत होती, तिनं ऐकलं असणार. ऐकू दे.

पोरीनं मग दुसरं कारण काढलं. सारखी माणसं सारख्या माणसांकडे ओढली जातात म्हणे. म्हटलं, बरं. ती डोंगरातली, मी खाडीकाठची. तिला माशाचा वास सोसत नव्हता आणि मला मासळीशिवाय घास उतरत नाही. मी बागेची मालकीण, ती राखणदाराची बायको. सारखं काय होतं ते तू शोध आणि मला पत्र पाठव. पोरगी हसली, पण मला तिचा रागच आला होता. माझ्या आयुष्यात मी स्वतःहून केलेली एकच गोष्ट, तीही ह्या पोरीला पुस्तकात घालून मोकळं व्हायचं होतं.

आता सरळ सांगते. आमच्याकडे हापूसच्या बागांची राखण हल्ली बरीचशी नेपाळी जोडपीच करतात. दिवाळीच्या सुमारास येतात, बागेतल्या मांगरात, म्हणजे चिऱ्याच्या एका खोलीत, राहतात आणि आंबा संपला की पावसाच्या तोंडावर आपल्या देशी जातात. गाव त्यांना सरसकट गुरखा म्हणतं, नाव विचारायचे कष्ट कोणी घेत नाही. आमची कलमं राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे कातळमाळाच्या, उतारावर आहेत. हे तेव्हा मुंबईत नोकरीला, मुलगा पुण्यात, त्यामुळे बाग माझ्याच अंगावर होती. अशाच एका दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर आमच्या मांगरात राहायला आली. बरोबर शाळेच्या वयाची मुलगी होती.

आमची ओळख भांडणानं झाली. पाऊस संपला की कलमाला पाणी घालायचं नसतं. झाड तहानलं तर मोहोर धरतं, पाणी मिळालं तर नुसती पालवी काढून बसतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण तिला कसं असणार? तिनं वरच्या अंगाच्या माझ्या चांगल्यातल्या चांगल्या कलमाच्या आळ्यात देशाहून आणलेली राईची भाजी पेरली आणि विहिरीचं पाणी सकाळ-संध्याकाळ ओतत राहिली. सगळी बाग मोहोरानं भरली, आणि ते एक झाड तांबूस कोवळ्या पानांनी डवरून मजेत उभं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मांगराच्या दारात जाऊन तोंड सोडलं. राखणदार हात जोडून उभा राहिला. ती नाही. तिनं हातातली भाजी खुडून पुरी केली, उठली, आणि मोडक्या हिंदीत म्हणाली की झाडाला आंबा वर्षातून एकदा येतो, माझ्या पोरीला भाजी रोज लागते. आणि पाणी घालू नको असं मला कोणी सांगितलं होतं?

कोणीच सांगितलं नव्हतं. मी पाय आपटत घरी आले खरी, पण वाटेत मलाच हसू येत होतं. बाग बघायला लागल्यापासून सगळे माझ्याशी ‘होय वैनी’ नि ‘बरोबर वैनी’ एवढंच बोलत आले होते. तोंडावर खरं बोलणारं माणूस मला कितीतरी वर्षांत भेटलं नव्हतं. मला ती आवडली ती तिथंच. दुसऱ्या दिवशी ती तीच भाजी शिजवून घेऊन आली. माफीबिफी काही मागितली नाही. मी तिला सुके बांगडे दिले. तिनं नाकाला पदर लावला आणि तरी नेले.

मग दुपारचं तिच्याकडे जाऊन बसायची सवयच लागली. ती हिंदी बोलायची, मी मराठी, मध्ये मध्ये तिचं नेपाळी यायचं, आणि अडत कधीच नसे. जे मी आईलाही सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. सांगितलं की हे मुंबईहून आले की मला घरात पाहुणा आल्यासारखं होतं, आणि ते परत गेले की बरं वाटतं. असलं काही बायकोनं बोलायचं नसतं. ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. तिचा नवरा चोवीस तास त्याच खोलीत तिच्यासमोर. म्हणाली, तुझा मुंबईवाला मला दे, माझा तू घेऊन जा. आम्ही इतक्या हसलो की राखणदार काय झालं ते बघायला आला, आणि त्याला बघून आम्ही आणखीच हसलो.

तिसऱ्या का चौथ्या हंगामात, शिमग्याच्या दिवसांत, ती म्हणाली की आपण मितेरी लावू. मला कळेना. तिनं सांगितलं की तिच्याकडे दोन पुरुष एकमेकांचे मीत होतात, दोन बायका मितिनी होतात. त्याचा विधी असतो, लग्नासारखाच, आणि एकदा केला की मोडता येत नाही. आमच्याकडे मैत्री होते तशी होते आणि जाते तशी जाते, कोणी तिला अक्षता टाकत नाही. मला गंमत वाटली. कलमाखाली समोरासमोर उभ्या राहिलो. तिनं दह्यात कालवलेले तांबडे तांदूळ माझ्या कपाळाला लावले, मी तिच्या. मी तिला साडी दिली, तिनं मला दिली. आणि त्या क्षणापासून तिनं माझं नाव घ्यायचं बंद केलं, मीही तिचं घ्यायचं नव्हतं. दोघी एकमेकींना मितिनी. आणि अहो-जाहो! आपल्यात मैत्री जुळली की अहोचं अगं होतं, तिच्यात अगंचं अहो झालं. पहिले काही दिवस मी सारखी जीभ चावत होते.

तेव्हाच तिनं आणखी एक सांगितलं. आजपासून तुमची माणसं ती माझी माणसं. तुमच्याकडे कोणी गेलं तर सुतक मला, माझ्याकडे कोणी गेलं तर तुम्हाला. मी होय म्हटलं. फार विचार करून म्हटलं असा आव आणणार नाही, पण म्हटलं ते म्हटलं.

पुढच्याच हंगामात माझे वडील गेले. माझं माहेर केळशीचं. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवसांचं, तेवढं धरून मी परत आले. तोवर तिकडे जमिनीच्या वाटणीच्या गोष्टी निघाल्याही होत्या. घरी पिशवी टाकली आणि बागेत गेले, तर ती मांगराच्या कोपऱ्यात वेगळ्या चटईवर बसलेली. मिठाचा कण तोंडात घातला नव्हता, वेगळं शिजवून एकदाच जेवत होती. माझं सुतक फिटलं होतं आणि तिचं चालूच होतं. ज्या माणसाला तिनं कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी. जाऊ म्हणाली, गुरख्यांची नाटकं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि माहेरी रडले नव्हते ती तिथं रडले.

गेल्या वर्षी आंबा संपल्यावर ती नेहमीसारखी देशी गेली. पावसाळ्यात आमच्या घरात मोबाइलला रेंज नसते, सड्यावर गेलं तरच मिळते, म्हणून राखणदाराला काही कळवायचं असलं की तो ह्यांना मुंबईला फोन करायचा. आषाढ गेला, श्रावण गेला. तिचा काही निरोप नाही. म्हटलं शेतीची कामं असतील.

भावकीचा गणपती आमच्याच घरात बसतो, कारण मूळ घर आमचं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घर चाकरमान्यांनी भरलं होतं, हेही आले होते. मी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होते. पडवीत पुरुषांच्या गप्पा चालल्या होत्या. कोणीतरी विचारलं, यंदा बागेला गुरखा तोच का? हे म्हणाले की नाही, दुसरं जोडपं बघायला हवं. त्याची बायको गेली ना श्रावण लागताच. एकटा माणूस काय कामाचा.

मी तशीच बाहेर गेले. विचारलं, कोण गेली? ह्यांनी सांगितलं, जसं बाजारभाव सांगावा तसं. डोंगरात गवताला गेली होती, कड्यावरून पडली, काही दिवस दवाखान्यात होती आणि मग गेली. राखणदारानं ह्यांना तेव्हाच फोन केला होता, पडली तेव्हाही आणि गेली तेव्हाही. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाले, सण तोंडावर. उगाच रडत बसली असतीस.

बसले असते. तेच तर करायचं होतं मला. त्याऐवजी नागपंचमीला मी वाडीतल्या बायकांबरोबर फुगड्या घालत होते. माझं माणूस गेलेलं आणि मला नाचवलं ह्यांनी. त्या क्षणी मला नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.

मी हात धुतले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मला सुतक आहे. उद्या मी देवाचं काही करणार नाही, नैवेद्याला हात लावणार नाही.

भावकीतले मोठे म्हणजे माझे चुलत सासरे. ते शांतपणे म्हणाले, “सूनबाई, रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही. सुतक आलं कुठून?”

आजवर मी त्यांच्यासमोर मान वर करून बोलले नव्हते. म्हटलं, “काका, रक्ताचं नातं माझं तुमच्याशीही नाही. लग्नाचं म्हणाल, तर ते माझ्या बापानं ठरवलं. मुंबईतला तो चुलत दीर गेला, त्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, तरी धरलं ना त्याचं सुतक? तेव्हा बातमी उशिरा आली, तर कळल्यापासून धरायचं असं तुम्हीच सांगितलंत. मला आज कळलंय. आणि हिला मी स्वतः निवडली होती.”

काकांच्या ध्यानात भलतंच आलं होतं. सुतक एकट्या माणसाला लागत नाही, घराला लागतं. माझं सुतक खरं मानलं तर गणपती घरात येत नाही, आणि खोटं म्हणावं तर मी ऐकणार नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी मीच त्यांना सोडवलं. म्हटलं, मितेरी मी लावली, ह्या घरानं नाही. तुम्ही गणपती आणा, मी मांगरात जाते. दोन साड्या, थोडे तांदूळ घेतले आणि निघाले. हे कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत मागून आले. लोक हसतील म्हणाले. म्हटलं, हसू देत. आणि जावेच्या हाताला मोदकाच्या कळ्या काही साधत नाहीत, तेव्हा त्या वर्षी आमच्या बाप्पाला मोदक म्हणून करंज्याच मिळाल्या.

मांगरात मी तिच्यासारखी वेगळ्या चटईवर बसले. बिनमिठाचा भात पहिल्या घासाला घशाखाली जाईना. बाहेर पाऊस, खालच्या घरातून झांजा ऐकू येत होत्या. देवाशी माझं भांडण नव्हतं. दरवर्षी मीच त्याची सगळी तयारी करते, त्याला ठाऊक आहे.

चतुर्थीच्या दुपारी पुतणी मला बघायला आली. बिचकत बिचकत म्हणाली, काकी, आई सगळ्यांना सांगतेय की तू बाजूला बसलीयस. म्हणजे मला पाळी आलीय! पन्नाशी उलटलेली बाई मी, पाळी जाऊन किती काळ लोटला, हे वाडीतल्या एकूण एक बाईला माहीत. नेपाळी बाईसाठी सुतक धरलं हे सांगण्यापेक्षा घरच्यांना ते बरं वाटलं. मला आधी हसू फुटलं आणि मग असा संताप आला की कानशिलं तापली. ती गेली हे माझ्यापासून लपवलं, आणि आता मी तिच्यासाठी बसलेय हेही लपवायचं होतं ह्यांना. म्हणजे ती नव्हतीच कधी.

संध्याकाळच्या आरतीला सगळी वाडी आमच्या घरापुढच्या खळ्यात जमते. मी खाली उतरले आणि खळ्याच्या कडेला, मांडवाच्या बाहेर उभी राहिले. आरती संपेपर्यंत थांबले. मग मोठ्यानं म्हटलं, “मी बाजूला बसलेली नाही. माझी मितिनी गेली, तिचं मी सुतक धरलंय. कोणी विचारलं तर हेच सांगायचं.”

काका प्रसाद वाटायला लागले. हे जमिनीकडे बघत होते, जाऊ आत गेली. मी मागे वळले आणि मांगरात आले. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर चढले आणि राखणदाराला फोन लावला. माझा आवाज ऐकल्यावर तो माणूस रडायलाच लागला. मग त्यानं सांगितलं. दवाखान्यात ती सारखी विचारत होती, मितिनीला कळवलं का? शेटना सांगितलंय, त्यांचा फोन येईल, असं तो तिला सांगत राहिला. ह्यांनीच त्याला तसं सांगितलं होतं. ती शेवटपर्यंत त्या फोनची वाट बघत होती.

मी त्याला खरं काय ते सांगितलं. मला कोणी कळवलंच नव्हतं, कळतं तर उडत आले असते, असं म्हटलं. तिला आता ते सांगून उपयोग नव्हता, पण निदान तिच्या माणसांना तरी कळायला हवं होतं. मी सुतक धरलंय हेही सांगितलं. मग फोन मुलीनं घेतला. मांगरात असताना माझ्याकडे मराठी अक्षरं गिरवायला बसायची ती पोरगी, आता तिचं लग्न ठरलेलं होतं. आईमुळे वर्षभर पुढं ढकललंय म्हणाली. मला ती आधी बाई म्हणायची. त्या दिवशी मितआमा म्हणाली. आमा म्हणजे आई. “आमानं सांगून ठेवलंय,” ती म्हणाली, “लग्नात तिच्या जागी तुम्ही बसायचं. याल ना?”

येईन म्हटलं.

आता वर्ष उलटलं. हे निवृत्त होऊन घरी आलेत. गडग्याला टेकून बागेकडे बघत असतात, आणि मी त्या फोनवरून अजून त्यांच्याशी भांडते. त्यांना वाटतं, एवढी चूक झाली तर झाली, किती दिवस धरून बसायचं. माझं उत्तर एकच, माझ्या जिवात जीव आहे तोवर. पुतणीचं कॉलेजातलं चालूच असतं. मागच्या आठवड्यात फोनवर पुन्हा विचारत होती, काकी, पण तीच का आवडली तुला? मी तिला म्हटलं, अगो, नवरा का आवडला हे ह्या घरात मला कोणी एकदाही विचारलं नाही. मग हिचाच हिशेब मी का द्यायचा?

लग्न मार्गशीर्षात आहे. तिकीट काढलंय, एकटीचं. साडीही घेऊन ठेवलीय. हे दोन दिवस घुम्यासारखे बसले होते, काल जेवताना बोलले. मोहोराचे दिवस, फवारणीची वेळ, बाग कोण बघणार? म्हटलं, तुम्ही. मग बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिले आणि म्हणाले, “पण तिथं तू जाणार कोण म्हणून?”

“मुलीची आई म्हणून.”